गाडीत बसण्याआधी पिशवी उघडा
परदेशी निघालेल्या यवतमाळकरांना तातडीचं आवाहन



कापसाची पहिली वेचणी घरात आली की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या. बाजारात भावावरून चिडचिड, आणि गावच्या पारावर यात्रेचा बोर्ड. 'काशी, अयोध्या, गोरखपूर, पशुपतिनाथ, मुक्तिनाथ. चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण. जागा थोड्याच शिल्लक.' यंदाही बोर्ड लागलेत. आमच्या गावची गाडी पुढच्या पंधरवड्यात निघते आहे. त्या गाडीत नाव नोंदवलेल्या एकेकाला मी विचारलं, "कागद कोणता घेतला?" बहुतेकांनी कमरेची पिशवी थोपटून एकच उत्तर दिलं : आधार. म्हणून हे घाईघाईनं लिहायला बसले.

मी एकतीस वर्षं या जिल्ह्यातल्या निरनिराळ्या उपकेंद्रांत आरोग्यसेविका होते. निवृत्तीनंतर भजनी मंडळासोबत तीनदा नेपाळला निघाले, त्यातल्या दोनदा पोचले. एकदा लेकीकडे दुबईला जाऊन आले. जग पाहिलेली बाई म्हणून लिहीत नाही, फजिती झालेली बाई म्हणून लिहिते.

ती न पोचलेली खेप आधी सांगते. सीमेवरच्या सोनौलीला आपली कमान मागे पडते आणि पुढे लगेच नेपाळची कमान दिसते. मधल्या तेवढ्याशा तुकड्यात सायकलरिक्षा, ट्रकांची रांग, सिमकार्डवाले, नोटा बदलून देणारे, आणि आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान. दहा वेळा गेलात तर नऊ वेळा ते हातानेच 'चला' म्हणतात. आमच्या नशिबी दहावी वेळ आली. रांगेत पुढे बहात्तर वर्षांच्या आत्याबाई. त्यांनी आधार दाखवलं, जवानानं जन्मसाल पाहिलं, सोडलं. मागे शेजारच्या काकू, वय अठ्ठावन्न. त्यांनीही तेच कार्ड पुढे केलं. जवान म्हणाला, "माताजी, वोटर कार्ड."

काकू म्हणाल्या, "आधार हाय न साहेब, मंग अजून का पाह्यजे?"

"वोटर कार्ड."

"ते घरी पेटीत हाय. आता इलेक्शन थोडीच हाय?"

रांगेतले सगळे हसले. जवानही हसला, पण सोडलं नाही. गाडी थांबणार किती वेळ? बाकीचे पुढे गेले. काकूंना एकटं कसं टाकायचं म्हणून मी मागे राहिले. चार दिवस आम्ही दोघींनी अलीकडच्या एका धर्मशाळेत काढले, आणि पशुपतिनाथाचा प्रसाद परत आलेल्यांच्या हातून खाल्ला. काकूंचे भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. माझेही नाहीत.

नियम काही गुपित नाही. नेपाळला जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टचीही सक्ती नाही. पण तुम्ही भारतीय आहात हे सांगणारा कागद लागतो, आणि तो दोनपैकी एकच : मुदतीतला पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालतं ते पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांना. ही सवलत गृह मंत्रालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिली, आणि आपल्याकडे तिचा अर्थ 'आता आधारवर सगळे जातात' असा पसरला. पंधरा ते अठरा वयाच्या पोरापोरींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. भूतानलाही साधारण हाच हिशोब आहे. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो यांवर विसंबू नका. मूळ कार्ड हातात हवं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मतदार कार्ड आहे की. आहे, पण ते काढून बघितलं का? आमच्या मंडळातल्या बायकांची कार्डं मी एका दुपारी ओट्यावर मांडून बघितली. एकीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. एकीचा फोटो इतका पुसट की नाकाची नथ तेवढी ओळखू येते. एकीचं वय कार्डावर आठ वर्षांनी कमी, आणि ती त्यावर खूश. अशी कार्डं दुरुस्त करायला किंवा नवी मागायला अर्ज क्रमांक ८ भरतात. तो ऑनलाइन भरता येतो, नाहीतर गावच्या बीएलओकडे. बीएलओ म्हणजे बहुधा तुमच्याच शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई, त्यांना शोधायला लांब जायला नको. पण कार्ड यायला आठवडे लागतात. गाडी पंधरा दिवसांवर असेल आणि कार्ड चुकीचं असेल, तर या खेपेला नाव मागे घ्या. अॅडव्हान्स बुडेल, पण सोनौलीची धर्मशाळा टळेल.

ज्यांना विमानानं दुबई, थायलंड, सिंगापूर, उमरा असं काही करायचं आहे त्यांना पासपोर्टशिवाय गत्यंतर नाही. आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाखाली येतो. साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला आणखी २०००. याच्या वर जो कोणी 'साहेबाला द्यावे लागतात' म्हणून मागेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. अर्ज ऑनलाइन असतो आणि पोलीस पडताळणी आपल्याच ठाण्याची असते. घरात जुना पासपोर्ट असेल तर शेवटची तारीख बघा. बरेच देश तिथे पोचल्यापासून पुढे सहा महिने मुदत उरलेली मागतात. 'अजून चार महिने चालतो' म्हणून विमानतळावर गेलेला माणूस तिथूनच परत येतो.

कागदांनंतर गाडी. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

२३ ऑगस्ट २०२४. पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. भुसावळ-वरणगावकडची माणसं होती, आपल्यासारखीच, भजनं म्हणत निघालेली. पंचवीसच्या वर जीव गेले. हवाई दलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणावे लागले. त्याच पावसाळ्यात जुलै महिन्यात त्रिशूली नदीच्या काठी दरड कोसळून दोन भरलेल्या बसगाड्या एकदम पाण्यात गेल्या होत्या. पोखरा ते काठमांडू अंतर दोनशे किलोमीटरच, पण एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला नदी. आपल्याकडे यवतमाळहून नागपूर जसं सकाळी जाऊन दुपारी परत येतो, तसा हा हिशोब धरू नका. सात-आठ तास सहज जातात, दरड आली तर दिवस जातो.

तेव्हा आषाढ ते भाद्रपद नेपाळच्या डोंगरात जाऊ नका. श्रावणात पशुपतिनाथाचं पुण्य जास्त म्हणतात, मला मान्य आहे, पण महादेव कार्तिकातही तिथेच असतो. दुसरं, डोंगरात रात्रीचा प्रवास नको. 'रात्री निघालो की एक मुक्काम वाचतो' असं टूरवाला म्हणाला, तर वाचतो तो त्याचा खर्च. बुकिंग करतानाच कागदावर लिहून घ्या : कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, गाडी कुणाची, ड्रायव्हर किती. एकच ड्रायव्हर यवतमाळपासून काठमांडूपर्यंत आणि परत नेणार असेल तर त्या गाडीत बसू नका. नेपाळात आपली गाडी नेताना सीमेवर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरावा लागतो, त्याची पावती गाडीत असते. ती दाखवा म्हणा. एवढं विचारलं की खरा टूरवाला खुलून बोलतो आणि खोटा चिडतो. मी चिडलेल्याकडे पैसे दिले होते, म्हणून माहीत आहे.

आणि बसल्या बसल्या संकटकाळचं दार कुठे आहे ते बघा, त्याला हात लावून उघडतं का ते पाहा. १ जुलै २०२३ ची पहाट आपण विसरलो नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या अंगावर उलटली, पेटली आणि आतल्या २५ जणांना बाहेर पडता आलं नाही. नागपूर-वर्धा-यवतमाळकडची माणसं होती त्यात. यात्रेच्या गाड्यांत मागच्या दारापुढे आचाऱ्याची भांडी, तांदळाची पोती आणि वरून गॅसचं सिलिंडर ठेवतात. ते तिथून हटवायला सांगायला लाजू नका. मी सांगितलं तेव्हा आचारी म्हणाला, "सिस्टरबाई, दहा वर्सं झाली, काही झालं नाही." दहा वर्सं झालं नाही म्हणून तर आपण सगळे आज तक्रार करायला जिवंत आहोत, हे त्याला समजावत बसले.

आता माझ्या खात्यातलं.

आपलं यवतमाळ समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर. पोखरा साधारण आठशे. मुक्तिनाथ सदतीसशेच्या वर. पोखऱ्याहून जीपनं एका दिवसात मुक्तिनाथ गाठतात, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत तीन किलोमीटर वर नेऊन ठेवतात. तिथली हवा विरळ. डोकं ठणकतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही. इथपर्यंत घाबरू नका. आराम करा, पाणी प्या, आणखी वर चढू नका. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना पाय लटपटले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर एकच औषध : खाली उतरवणं. त्याच क्षणी, रात्र असली तरी. डोंगरातल्या रात्रीच्या प्रवासाबद्दल मी वर जे बोलले त्याला हा एकच अपवाद. 'सकाळी दर्शन करून उतरू' म्हणत थांबू नका. टूरवाल्याला आधीच सांगा, जाताना एक रात्र वाटेत खाली कुठेतरी, निदान जोमसोमला, काढायची.

मुक्तिनाथाला एकशे आठ धारा आहेत. देवळामागच्या भिंतीला गायमुखं आणि त्यांतून बर्फाच्या पाण्याची धार. लोक एकेका धारेखाली पळत जातात. साठी उलटलेल्या, बीपीवाल्या, छातीत कधी कळ आलेल्या माणसांनी हे करू नये. मी दुसऱ्या खेपेला आमच्या एका काकांना पदर धरून ओढावं तसं सदऱ्याला धरून मागे ओढलं. ते रागावले. मग मी ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्या डोक्यावर शिंपडलं आणि म्हटलं, झालं एकशे आठ. त्यांना पटलं नाही, पण ते अजून हयात आहेत आणि अजून रागावलेले आहेत.

झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर, राळेगाव या भागातल्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे. सिकलसेलचं मी आयुष्यभर पाहिलंय. उंचावर ऑक्सिजन कमी, थंडी जास्त, तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पोटात जातं, आणि नेमक्या याच तीन गोष्टींनी सिकलसेलची कळ उठते. ज्यांना आजार आहे त्यांनी मुक्तिनाथाला जाऊच नये. काठमांडू चौदाशे मीटरवर आहे, तिथेही डॉक्टरांना विचारूनच. जे फक्त वाहक आहेत, एरवी धडधाकट आहेत, त्यांनाही उंचीवर क्वचित पोटात डाव्या बाजूला, प्लीहेच्या जागी, जीवघेणी कळ उठू शकते. तुमची तपासणी झाली असेल तर तो कागद सोबत ठेवा. झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्या. सुईची भीती वाटते म्हणणाऱ्यांना मी ओळखते, तुम्हीच बैलाच्या शिंगाला हात घालता.

औषधांचं म्हणाल तर यात्रेच्या दिवसांहून पाच दिवसांची जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत विभागा. आमची गाडी मुगलिंगच्या अलीकडे दरडीमुळे चौदा तास उभी होती. एका मावशींच्या बीपीच्या गोळ्या बसच्या टपावर, ताडपत्रीखाली, दोरीनं बांधलेल्या ट्रंकेत होत्या. दोन पोरं पावसात टपावर चढली तेव्हा त्या मिळाल्या. गोळ्या पाकिटातून सोडवून डबीत भरू नका. पाकिटावरचं नाव हेच त्यांचं ओळखपत्र. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, इंग्रजीत, आणि त्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून मागा. इन्सुलिन थंडीत गोठलं की निकामी होतं. रात्री ते अंगाजवळ ठेवा, ट्रंकेत नको.

दुबईला जाणाऱ्यांना हे औषधाचं दुपटीनं लागू. आपल्याकडे दुखण्यावर सहज मिळणारी ट्रॅमाडॉल, कोडीन घातलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या गोळ्या, यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. चिठ्ठी आणि तिथल्या आरोग्य खात्याची आधीची परवानगी नसेल तर थेट पोलीस. आणि खसखस. हो, आपली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थात धरतात. लेकीसाठी मी अनारसे केले होते, एकेक अनारसा खसखशीवर थापून. निघायच्या आदल्या रात्री फोनवर सहज बोलून गेले तर ती किंचाळली, "आई, ते अनारसे घरी ठेव!" सावजी मसाल्याची पुडी पण काढून ठेवायला लावली. मला वाटलं, पोरगी फारच दुबईकर झाली. नंतर कळलं, ती माझी अटक वाचवत होती. कुणी लेकरांना फराळाचा डबा पाठवत असाल तर अनारसे खसखशीशिवाय करा, नाहीतर चकल्या पाठवा.

खर्रा खाणाऱ्या दादांनो, तुमच्यासाठी वेगळं. पन्नीत घोटलेला खर्रा सिंगापुरात नेता येत नाही. चघळायच्या तंबाखूचा कुठलाही प्रकार तिथे आणणंच गुन्हा आहे. दुबईत रस्त्यावर पिचकारी मारली तर दंड. नेपाळात कोणी हटकणार नाही, पण पशुपतिनाथाच्या आवारात तरी थुंकू नका. तिथे मुख्य देवळात चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही आणि फोटोही काढू देत नाहीत. खाली बागमतीच्या घाटावर चिता जळत असतात. कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं तिथे. मोबाइल वर करू नका.

पैशाबद्दल थोडक्यात. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. दुकानदार भाव सांगतो तेव्हा विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळचा. काकूंनी पुढच्या वर्षी, यावेळी मतदार कार्डासकट, एक रुद्राक्षाची माळ पाचशेला घेतली आणि आपल्या पाचशे रुपयांच्या शंभर-शंभरच्या नोटा मोजून दिल्या. भाव नेपाळी होता. म्हणजे तीनशे बारा-तेरा रुपयांची माळ पाचशेला पडली. नोटा शंभरच्या आणि त्याखालच्याच न्या. मोठ्या नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, निघताना बँकेत विचारा. मार्च २०२४ पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं. तिथल्या कंपनीचं नाव आपल्या फोनपेसारखंच ऐकू येतं, पण कंपनी वेगळी आहे. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तासानं पुढे असते. आमच्या तीन बायका या पाव तासापायी जोमसोमच्या जीपला मुकल्या. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस नावाचा कर घेतात, त्याची पावती मागून घ्या. आयकर विवरणपत्र भरून तो पैसा परत मागता येतो, सोडून देऊ नका.

थायलंडला जाताना डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. मे २०२५ पासून हे सुरू झालं. ते फुकट आहे आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी.

यापुढचं तरुण पोरांच्या आईबापांनी नीट वाचावं.

२०१९ मध्ये मुंबईचं एक नवं जोडपं नात्यातल्याच बाईनं भेट दिलेल्या सहलीवर कतारला गेलं. जाताना तिनं ओळखीच्यांना द्यायला म्हणून एक पाकीट सोबत दिलं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोच्या वर चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, लेकरू तुरुंगात जन्मलं. इकडच्या तपासातून खरं काय ते पुढे आलं तेव्हा २०२१ मध्ये दोघं सुटली. पाकीट घरच्या माणसानं दिलं होतं हे विसरू नका. कुणी म्हणेल, "तिकडं माझा भाऊ आहे, एवढं लोणचं दे." लोणचं असेल, खरंच लोणचं असेल. तरी बरणी उघडून, हलवून, तळापर्यंत चमचा घालून बघा. राग आला तर येऊ द्या. सामान तुमच्या नावावर असतं, आणि विमानतळावर 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट नोकरीची. आपल्या तालुक्यांत डीएड झालेली, इंजिनिअर झालेली पोरं बापाच्या चार एकरावर बसलेली आहेत. मोबाइलवर जाहिरात येते : बँकॉकला डेटा एन्ट्री, राहणं-जेवण फुकट, पर्यटक व्हिसावर या, तिथे कागद करून देतो. पोरगा बँकॉकला उतरतो. तिथून गाडीनं सीमेकडे, नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डीला. तिथे कुंपणाच्या आत बसून आपल्याच देशातल्या लोकांना फोन करून लुबाडायचं काम. नाही म्हटलं तर मार. भारताचं परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देतं आहे. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. पर्यटक व्हिसावर कुठल्याही देशात नोकरी करता येत नाही. हे एक वाक्य घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. परदेशी नोकरी देणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असतो. नोंद ई-मायग्रेट संकेतस्थळावर दोन मिनिटांत बघता येते. शेत गहाण टाकण्याआधी ती दोन मिनिटं द्या.

हे सगळं सांभाळूनही कधी कधी देशच अंगावर येतो. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला नेपाळ सरकारनं व्हॉट्सअॅप, फेसबुक धरून बरीच समाजमाध्यमं बंद केली. ८ आणि ९ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, जाळपोळ झाली, सरकार पडलं, त्रिभुवन विमानतळ बंद पडला. आपल्या महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू हॉटेलांत अडकले. ज्यांचा घरच्यांशी संपर्क फक्त व्हॉट्सअॅपवर होता त्यांची काय अवस्था झाली असेल, विचार करा. म्हणून नंबर कागदावर. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर घरचे दोन नंबर, टूरवाल्याचा नंबर, मुक्कामाच्या हॉटेलांची नावं, तुमचा रक्तगट आणि आजार लिहा. प्लास्टिकमध्ये घालून ब्लाउजच्या नाहीतर सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. दुसरी प्रत घरी सुनेकडे. नेपाळात पोलीस १००, पर्यटक पोलीस ११४४, अॅम्ब्युलन्स १०२. भारताचा दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे आणि बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. त्यांचे नंबर निघायच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावरून पोराकडून काढून घ्या, कारण ते बदलतात. कागद हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन दूतावासात. ते घरी परतण्यापुरता कागद करून देतात. गडबड सुरू झाली तर हॉटेल सोडू नका, गर्दी बघायला गच्चीवर जाऊ नका, सीमेकडे स्वतःच्या मनानं गाडी काढू नका.

मागे राहणाऱ्यांनाही एक काम आहे. आई-बाबा यात्रेला गेले म्हणून मोकळे होऊ नका. रोज ठरलेल्या वेळी फोन. दोन दिवस लागला नाही तर गावात बोंब मारण्याआधी तहसील कार्यालयाला कळवा. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष अशा वेळी राज्य सरकारकडे आणि तिथून दूतावासाकडे माहिती पोचवतो. त्यांना तुमच्या आईचं नाव, वय, गाडीचा नंबर आणि शेवटचा मुक्काम लागतो. 'नेपाळला गेलीय' एवढ्यावर कुणी कुणाला शोधू शकत नाही.

आमच्या गावात मी गाडी निघेपर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते अकरा वाचनालयाच्या ओट्यावर बसणार आहे. बीपीचं यंत्र माझं, सतरंजी वाचनालयाची. ज्यांची नावं गाडीत लागलेली आहेत त्यांनी बांधलेली पिशवी तशीच उचलून घेऊन यावी. मी ती उघडून बघणार, लाजायचं कारण नाही. शेजारच्या गावांतल्या निवृत्त नर्सबायांनी, गुरुजींनी, पोस्टमनदादांनी आपापल्या ओट्यावर हेच करावं. काकू माझ्या शेजारी बसणार आहेत. कागद तपासायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय, आणि त्या सोनौलीच्या जवानाहूनही कडक आहेत.